एका वितीवरून

हमरापूर, ९ जून २०२५

शीरा,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून कागद घेतला. कागद ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडायचाच असेल तर वाचून फाड.

तुमचा परदेशातला, अश्दोदचा पत्ता दीनाआत्यांनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस. मी दर रविवारी रोह्याला जाऊन त्यांच्या ओट्यावर बसायचो, काही न मागता. शेवटी त्याच कंटाळल्या. म्हणाल्या, "घे बाबा पत्ता. पण माझ्या भावाला शिव्या लिहायच्या नाय." मी कबूल केलंय. त्यामुळे तुझ्या बाबांबद्दल या पत्रात काही नाही.

म्हणजे एवढंच आहे की जानेवारीत, तुम्ही रोहा सोडण्याआधी, ते मला जे बोलले ते अजून कानात आहे. "पोरा, तू वाईट नाहीस. पण मूर्तीला डोळे देणारा जावई आमच्या ज्यू घरात चालायचा नाही." किती शांतपणे बोलले! ओरडले असते तर मीही ओरडून मोकळा झालो असतो. शांत माणसापुढे मला काय करावं ते सुचत नाही. म्हणून चष्मा काढून तुमच्या उंबऱ्यावर आपटला. हाताशी दुसरं काही नव्हतं.

आणि मग ताडताड निघालो तो थेट शेजारच्यांनी वाळत घातलेल्या चादरीत. तू हसली नाहीस. हसली असतीस तर बरं झालं असतं. तू माझा हात धरलास आणि आंधळ्याला नेतात तसं स्टेशनपर्यंत नेलंस. गाडीत बसवलंस, खाली उतरून खिडकीशी आलीस आणि गजाला कपाळ लावलंस. तेव्हा तुझा चेहरा माझ्यापासून एक वीत होता. सव्वापाच नंबर माझा. बिनचष्म्याचं मला वीतभर दिसतं, त्यापुढे सगळं धुकं. त्या वितीत तू पूर्ण मावली होतीस. पापण्या ओल्या होत्या. मला वाटलं आता काहीतरी बोलशील. गाडी सुटली.

हमरापूरला उतरायचं ते मी पुढच्या स्टेशनावर, जित्याला उतरलो. पाटी वाचता येईना आणि कुणाला विचारायची लाज वाटली.

तर सांगायचं ते हे, की मी डोळ्यांचं लेझर करून घेणार आहे. चष्मा जाईल. माझा दोस्त साहिल डोलवीला कंपनीत लागलाय, तो म्हणतो त्याच्या ठेकेदाराला क्रेनवर मुलं हवीत, पण चष्म्याची नकोत. क्रेनवर गेलो की कारखान्यात बसणार नाही, कारखान्यात बसलो नाही की मूर्तींचे डोळे आखणार नाही. मग तुझ्या बाबांकडे बोलायला काय उरतं?

डिसेंबरात तू येणार असं आत्यांच्या तोंडून निसटलं. त्यांचा मोतिबिंदू नीट निघाला तर मलिदा करीन असा नवस त्या एलियाहू हन्नबी पैगंबराला बोलल्या होत्या, तो मलिदा तुझ्या हातून करायचाय त्यांना. तोवर मी बिनचष्म्याचा झालेला असेन. बघच.

हर्षद

हमरापूर, २१ जुलै

शीरा,

मागच्या महिन्यात टीव्हीवर तुमच्याकडचे युद्धाचे भोंगे ऐकू यायचे. तुमच्या गावाचं नाव आलं की आबा हातातलं काम ठेवून आवाज वाढवायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. बाप म्हणून माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत त्या दिवसांत, पण रिमोट त्यांच्याच हातात होता. दीनाआत्यांकडून तुम्ही सगळे सुखरूप असल्याचं कळलं. तेव्हा कुठे मला जेवण गेलं. हे लिहिणार नव्हतो.

इकडे मी एक घोळ घातलाय.

लेझर गणपतीनंतरच करायचं ठरलं, हंगामात आबा कसले सोडतात. तोवर बिनचष्म्याची सवय व्हावी म्हणून पेणहून कॉन्टॅक्ट लेन्स आणल्या. पहिल्या दिवशी काय सांगू तुला! नाकावर ओझं नाही, कानामागे ओरखडे नाहीत. आरशात एक अनोळखी पोरगा, नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे खड्डे असलेला. अपेक्षा म्हणाली, "दादा, तुझा चेहरा उघडा पडल्यासारखा वाटतो. काहीतरी घाल त्यावर." बहिणीच त्या.

पण आमच्या कारखान्यात हवेत पीठ असल्यासारखी माती उडते. पॉलिश पेपरने मूर्ती घासणारे दहा हात आणि त्या धुळीत माझे डोळे. दुपारपर्यंत टोमॅटो. लेन्स काढायची, धुवायची, घालायची, पुन्हा टोमॅटो. तरी हट्टाने घालून बसलो, आणि तशाच डोळ्यांनी आखणी केली.

तुला आठवतं ना मी कसा आखतो? चष्मा काढून तुझ्या हातात द्यायचो, मूर्ती मांडीवर, तोंड तिच्या तोंडाजवळ. तू म्हणायचीस, "पापा घेतोयस का तिचा?" त्या वीतभर अंतरावर मला ब्रशचा एकेक केस दिसतो, ओल्या रंगावरची चमक दिसते. लेन्स घातल्यावर तेवढ्या जवळून बघायला गेलो की डोळे ओढायला लागले, डोकं ठणकायला लागलं. मग मूर्ती लांब धरली. लांबूनही रेघ बरोबर येते, मला वाटलं.

संध्याकाळी आबा फळीसमोर उभे राहिले. गणपतीची नजर समोर बसलेल्या माणसावर पडायला हवी, आरती करणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा माझ्याकडेच बघतोय. एवढीच तर आमची सगळी विद्या. आणि ती अख्खी फळी माणसाच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. खाडीकडे. एकूणएक गणपती.

आबा म्हणाले, "हर्षद्या, हे देव कुणाची वाट बघतायत रे?"

कारखाना फिदीफिदी हसला. मी लाल डोळे घेऊन बाहेर गेलो. लेन्समुळे लाल.

पुसून पुन्हा आखल्या सगळ्या, चष्मा काढून. एक मात्र राहिली. वडखळची एक बाई आली होती, मुलगा बोटीवर असतो तिचा. ती म्हणाली, मला हाच द्या, याची नजर लांबवर आहे. आबांनी दिला. ती गेल्यावर मला म्हणाले, "एक तरी गिऱ्हाईक मिळालं तुझ्या दुःखाला."

लेन्स ठेवून दिल्यात. एक जोडी अजून डबीत पाण्यात आहे. तू येशील त्या दिवशी लागली तर.

हर्षद

हमरापूर, ८ सप्टेंबर

शीरा,

विसर्जन झालं. गाव रिकामं झालंय. फळ्यांवर नुसते मूर्तींच्या बुडांचे गोल डाग. मी आज पनवेलला जाऊन डोळे दाखवून आलो.

डॉक्टरबाई आपल्यापेक्षा फार मोठ्या नसतील. डोळ्यांत थेंब घातले, कुठल्या कुठल्या यंत्रांत हनुवटी ठेवायला लावली. बुबुळाची जाडी चांगली आहे, नंबरही वर्षभर हललेला नाही, म्हणाल्या. "करता येईल. पण का करायचंय?"

मी म्हटलं, नोकरी. (खोटं नव्हतं.)

"आता काय करता?"

सांगितलं. तर बाईंनी पेनच खाली ठेवलं. म्हणाल्या, "गणपतीचे डोळे? चष्मा लावून की काढून?" काढून म्हटल्यावर त्या खुर्ची पुढे घेऊन बसल्या आणि मला लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं. लेझरने लांबचं दिसणं सुधारतं. पण आता जे जवळचं मला फुकट, डोळ्यांना काही कष्ट न देता दिसतं, ते नंतर कष्टाने दिसेल. वय लहान आहे म्हणून दिसेल जरूर, पण वीतभरावर दिवसदिवस काम करायला गेलो तर डोळे थकतील. आणि चाळिशीत जवळचा चष्मा लागेल तो लागेलच. काही दिवस डोळे कोरडे पडतील, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील, धुळीत तर काही आठवडे जायचंच नाही. "वाईट ऑपरेशन नाही हे. माझ्या सख्ख्या भावाचं केलंय. पण तुम्ही काय देऊन काय घेताय ते बघा. चष्मा नाकावर असतो, तो काढता येतो. हे परत घालता येत नाही."

मग मी काय म्हटलं असेल सांग. मी म्हटलं, "एकच डोळा करा. एक लांबचा, एक जवळचा."

त्या इतक्या हसल्या की बाहेरची सिस्टर आत डोकावली. "पाचाचा फरक डोकं सोसत नाही हो. चक्कर येऊन पडाल. एक डोळा इकडे आणि एक तिकडे ठेवून माणसाला चालता येत नाही."

मला राग आला. बाईंचा नाही. एक इकडे आणि एक तिकडे ठेवूनच तर जानेवारीपासून चालतोय मी.

तारीख घेतली. नोव्हेंबरातली. रागारागातच घेतली म्हण हवं तर. तुला माझा राग माहीत आहे. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आपल्या वर्गातल्या त्या पोपटने माझा चष्मा घालून वर्गभर चाचपडायची नक्कल केली, मी त्याचा ओठ फोडला, आणि प्राचार्य म्हणाले माफी माग नाहीतर घरी जा. मी घरी आलो. तू तेव्हा म्हणाली होतीस, "तुला दोनच रस्ते दिसतात, आणि दोन्ही दाराबाहेरचे." मी ते वाक्य तेव्हा ऐकलंच नव्हतं बहुतेक. आता पनवेलच्या स्टँडवर ऐकू आलं. डोळ्यांत थेंब असल्यामुळे एकही बोर्ड वाचता येत नव्हता, हमरापूरची एसटी कुठली ते एका म्हातारीला विचारलं.

विचारलं, बरं का. लाज नाही वाटली.

हर्षद

रोहा, १९ ऑक्टोबर

शीरा,

हे तुमच्याच घरातून लिहितोय, दीनाआत्यांच्या जेवणाच्या टेबलावरून. आईने फराळ पाठवला होता तो द्यायला आलो. आत्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "बारीक झालास रे. आता मला सगळं दिसतं, फसवायचं नाय." मोतिबिंदू काढल्यावर त्यांना पहिलं काय दिसलं ते सांगितलं का तुला? घरातली जळमटं. "दहा वर्षं मला वाटायचं माझं घर लख्ख हाय!"

मी त्यांना पनवेलचं सगळं सांगितलं. त्यांनी डॉक्टरांचा कागद मागून घेतला, चष्म्याशिवाय वाचून दाखवला, आणि फोनवर त्याचा फोटो काढला. त्यांना हल्ली जे दिसेल त्याचा फोटो काढायची सवय लागलीय. मग म्हणाल्या, "माझा भाऊ एलियास बोलला म्हणून तू हे करतोस?"

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"आमच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता इथे. शनिवारी बंद. बैलसुद्धा शनिवारी उभा नाय राहायचा, बसायचा. म्हणून शनवार तेली म्हणायचे आम्हाला. आन् बाकीचे सहा दिवस तेल कुठे जायचं ठाव हाय? गणपतीच्या समईत, मारुतीच्या दिव्यात. बरणी पोचवायला कोण जायचं? एलियास. नाक पुसत जायचा, प्रसादाचं खोबरं खात यायचा. आजोबांनी कधी कुणाला इचारलं नाय, आमचं तेल कुठे जळतं."

मी उसळलो. म्हटलं, मग त्यांना हे सांगा ना! मला कशाला सांगता?

"बस खाली," त्या म्हणाल्या. "तेल देणं वेगळं आन् डोळे देणं वेगळं, ते पण खरंच हाय. माझा भाऊ खोटा नाय. त्याला काय उत्तर द्यायचं ते तुला शोधावं लागेल. डोळे कापून उत्तर मिळत असतं तर डॉक्टर शहाणे झाले असते सगळे."

आणि तेवढ्यात तुझा फोन आला.

आत्या फोन स्पीकरवरच ठेवतात, तुला माहीत आहे. मला त्यांनी बोटाने गप्प बसायची खूण केली. माझ्या तोंडात करंजी होती, तशीही बोलायची सोय नव्हती. दहा महिन्यांनी तुझा आवाज. करंजी तशीच तोंडात राहिली.

तू विचारलंस, "काय गो आत्या, तो आला होता का?" माझं नाव नाही घेतलंस. नुसतं तो. आत्या म्हणाल्या, येतो, पत्रं लिहितो म्हणतो तुला. आणि तू म्हणालीस, "वाचली ना. किती वेळा वाचायची?"

नंतर तू जे बोललीस ते मी इथे जसंच्या तसं लिहून ठेवतो, नाहीतर माझी सवय आहे, मला हवं तेवढंच लक्षात ठेवायची.

"त्याला सांग आत्या, बाबांना उत्तर म्हणून डोळे कापून घ्यायचे असतील तर ते डोळे बाबांना नेऊन दे. मला कुणी काही विचारलेलंच नाही. कॉलेजात नाही, स्टेशनवर नाही, पत्रात नाही. सगळा वेळ तो माझ्या बापाशी भांडतोय आणि मी मध्ये चष्मा धरून उभी."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी करंजी गिळली.

तू अजून बोलत होतीस, तिकडच्या उन्हाचं काहीतरी. मी उठून मागच्या दारी गेलो. आता परत येऊन हे लिहितोय.

हर्षद

हमरापूर, ११ नोव्हेंबर

शीरा,

पनवेलला फोन करून तारीख सोडली. तुझ्यासाठी नाही. तसं लिहिलं तर पुन्हा तुझ्या डोक्यावर ओझं.

साहिल चिडलाय. म्हणतो, "बिनचष्म्याचा झाला असतास तर पुढच्या महिन्यात क्रेनवर असतास, येड्या." त्याचं बरोबर आहे. कंपनीची नोकरी, शिफ्ट, बस दाराशी. आणि चष्म्याचं प्रेम मला काही नाही. पावसात काचा भरतात, चहा पिताना धुकं होतं, घाम आला की घसरतो. कुणी लेझर करत असेल तर मी त्याला नको म्हणणार नाही. अपेक्षाला लागला नंबर तर मीच तिला घेऊन जाईन त्या बाईंकडे. पण माझं काम वीतभरावरचं आहे, आणि ते काम मला आवडतं. हे मी तुझ्या बाबांना सांगायला हवं होतं. त्याऐवजी चष्मा आपटला.

त्यांना सांगायचं ते असं. मी डोळे देत नाही. मी आखतो. नजर कोण आणतं मला माहीत नाही. कधी वाटतं, समोर बसणारा आपली घेऊन येतो. वडखळच्या बाईने तिची आणली होती. हे उत्तर त्यांना पुरेल असं नाही. पण खरं एवढंच आहे आणि मी मूर्तिकाराचा मुलगा म्हणूनच त्यांच्यासमोर उभा राहणार, क्रेनवाला बनून नाही.

आता तुला. तूच म्हणालीस, मी विचारलेलं नाही. विचारतो.

तुला मी हवा आहे का? चष्म्यासकट, हातावरच्या रंगासकट, या रागासकट?

नाही म्हणालीस तर मी काही आपटणार नाही. मलिद्याच्या दिवशी मी आत्यांच्या ओट्यावर असेन. तू बाहेर आली नाहीस तर समजेन आणि गाडी पकडेन. हमरापूरलाच उतरेन.

हर्षद

हमरापूर, २३ डिसेंबर

शीरा,

तुझं विमान पोचलं असेल. आत्या म्हणतात तिकडे पाऊस आहे.

मी परत परत ती मलिद्याची दुपार आठवतोय. मोठ्या ताटात गूळ-खोबऱ्याचे पोहे, वर केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी. एलियाहू हन्नबीचं नाव घेताना आत्यांच्या नव्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ओट्यावर. दाराशी कोण येतं कोण जातं, मान वर करून बघायची हिंमत नाही. मग तुझे पाय दिसले. पोह्यांची बशी माझ्या मांडीवर ठेवलीस आणि शेजारी एक डबी.

डबीत माझा आपटलेला चष्मा होता, तू उंबऱ्यावरून उचलून तिकडे नेलेला. फुटलेल्या डाव्या काचेच्या जागी नवी. आत्यांनी नंबर लिहिलेल्या त्या कागदाचा फोटो कशाला काढला होता ते तेव्हा कळलं मला. तू म्हणालीस, "तिकडच्या चष्मेवाल्याला दाखवला तर तो म्हणाला, नवा घे, हा कशाला दुरुस्त करतेस? मी म्हटलं, आमच्याकडे हा एकच आहे."

मी काही बोलणार तोच तू माझ्या नाकावरचा चष्मा काढलास. अंगण गेलं, रस्ता गेला, सगळं धुकं. आणि वाकलीस. एक वीत. "काय दिसतंय?"

मी म्हटलं, "तुझ्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आलाय."

तू हसलीस, आणि मग हसू थांबवता येईना, मग ते हसू राहिलं नाही. म्हणालीस, "भोंगे वाजायचे ना तेव्हा आला असेल. कुणालाच दिसला नाही रे. आईला नाही. मला आरशात नाही."

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू त्यानंतर दिलंस. ते इथे लिहीत नाही. ते माझ्याजवळ राहू दे. पण पुढचं वाक्य लिहितो, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही. "बाबांना इकडून निरोप पाठवायचे नाहीत. स्वतः तिकडे ये, समोर बस, आणि जे माझ्यापुढे लिहिलंस ते बोल. ते नाहीच म्हणतील कदाचित. उठून जायचं नाही."

नाही उठणार. उंबऱ्याजवळ बसेनच कशाला.

आज पेणला जाऊन पासपोर्टची चौकशी केली. फोटोवाला म्हणाला, चष्मा काढावा लागेल, चालत नाही.

काढीन म्हटलं. तेवढ्यापुरता.

तुझा
हर्षद